रडून झाल्यावर काय? (गीता ६.५)



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला पाचवा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो पाठ आहे. साध्या मराठीत सांगायचं तर भगवंत म्हणतात, माणसाने स्वतःला स्वतःच वर काढावं, खचू देऊ नये. कारण आपणच आपले मित्र असतो आणि आपणच आपले शत्रू.

ऐकायला छान वाटतं. पण ज्याचं खरंच काहीतरी मोडलंय, त्याला हा श्लोक टोचतो. कुणाचे आई-वडील वेगळे झालेत, कुणाची नोकरी गेलीय, कुणाचं लग्न ठरता ठरता मोडलंय, कुणाच्या घरातलं माणूस गेलंय. अशा वेळी हा श्लोक वाचला की मला हमखास मेसेज येतो, "ताई, मी रोज रात्री रडते. म्हणजे माझी भक्ती कमी पडतेय का? मी स्वतःचीच शत्रू झालेय का?"

प्रश्न खरा आहे. "तसं काही नसतं गं," असं म्हणून तो सुटत नाही, कारण श्लोकात 'शत्रू' हा शब्द आहेच. म्हणून आज मी या श्लोकाकडे एका वेगळ्याच वाटेने जाणार आहे. ही वाट एका कादंबरीतून जाते. त्यात देवाचं नाव घेऊन कुणी काही शिकवत नाही. तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाची गोष्ट आहे आणि तुमच्यातल्या काहींनी ती शाळेत असताना वाचलीही असेल.

कादंबरीचं नाव 'हॅचेट', म्हणजे छोटी कुऱ्हाड. लेखक गॅरी पॉलसन, साल १९८७. पुढच्या वर्षी तिला तिकडच्या बालसाहित्यातला 'न्यूबेरी ऑनर' हा मोठा सन्मान मिळाला. पॉलसन स्वतः दारुड्या आई-बापांच्या घरात वाढलेला, पुढे अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या घसरगाडीच्या शर्यतीत उतरलेला माणूस. जंगल आणि घरातलं दुःख, दोन्ही त्याने जवळून पाहिलं होतं.

कादंबरीतला मुलगा आहे ब्रायन. त्याच्या आई-वडिलांचा नुकताच घटस्फोट झालाय. सुटीत तो वडिलांकडे निघालाय, कॅनडाच्या उत्तरेकडे, जिथे ते तेलाच्या क्षेत्रात इंजिनियर आहेत. छोटं विमान, त्यात पायलट आणि हा एकटा. विमानतळाकडे जाताना आई त्याला एक छोटी कुऱ्हाड भेट देते. तिचं मन राखायचं म्हणून तो ती कमरेच्या पट्ट्याला अडकवतो. पण मनात तिच्याबद्दल राग धुमसतोय, कारण त्याने तिला दुसऱ्या एका माणसाबरोबर पाहिलंय. वडिलांना ते माहीत नाही. हे गुपित एवढासा मुलगा एकटा वाहतोय.

वाटेत पायलटला हार्ट अटॅक येतो आणि तो जागीच जातो. इंधन संपेपर्यंत विमान दिशाहीन उडत राहतं, मग जंगलातल्या एका तळ्यात कोसळतं. ब्रायन वाचतो. अंगावरचे कपडे, खिशातल्या किरकोळ वस्तू आणि कमरेची ती कुऱ्हाड, एवढंच त्याच्याजवळ उरतं. पुढचे ५४ दिवस तो तिथे एकटा काढतो.

आपल्या श्लोकासाठी महत्त्वाची रात्र सुरुवातीच्याच दिवसांतली आहे. एका कपारीत तो झोपलाय. अंधारात काहीतरी आत येतं. घाबरून तो त्या दिशेने कुऱ्हाड फेकतो. कुऱ्हाड त्या प्राण्याला न लागता दगडी भिंतीवर आदळते, ठिणग्या उडतात. तो प्राणी असतो साळिंदर, आणि त्याचे काटे ब्रायनच्या पायात घुसतात. एकेक काटा उपटून झाल्यावर मुलगा कोसळतो. मला हे जमणार नाही, मी एकटा आहे, असं म्हणत रडतो, रडतो, रडून रडून थकतो.

आणि मग त्याला एक गोष्ट कळते. रडून झालं, पण पाय तेवढाच दुखतोय. अंधार तेवढाच आहे. तो तेवढाच एकटा आहे. काहीही बदललेलं नाही.

पॉलसन इथे जे म्हणतो ते मला फार मोलाचं वाटतं. स्वतःची कीव करणं चुकीचं आहे, एवढंच त्या मुलाला उमगत नाही. त्याला उमगतं, की कीव चालत नाही, तिचा उपयोग होत नाही. चाकू बोथट असेल तर आपण चाकूला पापी म्हणत नाही, दुसरा चाकू घेतो. तसं.

आता आपल्या प्रश्नाकडे या. रडणं हे पाप आहे का? आपण भक्त मंडळी पटकन सगळ्याचा हिशेब पाप-पुण्यात मांडतो. दुःख झालं की आधी दुःख, मग दुःख झाल्याची लाज, मग लाज वाटली म्हणून पुन्हा दुःख. एकावर तीन. गीतेचा शब्द नीट बघितला तर तिथे पाप नाही, शत्रू आहे. शत्रू आपलं नुकसान करतो. म्हणजे विचारायचा प्रश्न असा : मी जे करतेय त्याने माझं नुकसान होतंय का? लाज बाजूला ठेवून या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

दुःख आणि स्वतःची कीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगते. दुःख गेलेल्या गोष्टीकडे बघतं. कीव फक्त माझ्याकडे बघते. वाल्मीकी रामायणात सीता दिसेनाशी झाल्यावर राम अरण्यात झाडांना विचारत फिरतो, माझी सीता पाहिलीत का म्हणून. साक्षात राम रडतो, भान हरपतं त्याचं. वाल्मीकींनी ते लपवलेलं नाही. लक्ष्मण त्याला पुन्हा पुन्हा सांगतो, धीर धर, उत्साह धर, शोध घेऊ. आणि राम रडत रडतच पंपा सरोवराकडे चालतो, सुग्रीवाला भेटतो. आधी दुःख पूर्ण संपलं आणि मग पाऊल उचललं, असं झालेलं नाही. डोळ्यांत पाणी आणि पाय वाटेवर, दोन्ही एकदम चालू शकतं.

आता जरा पहिल्या अध्यायाकडे वळूया, कारण 'स्वतःला वर काढ' असं सांगणारा तिथे कसा वागला ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन कोसळतो. हातातून गांडीव गळतं, अंगाला कंप सुटतो, तोंड कोरडं पडतं. तो बोलत राहतो, कारणं देत राहतो. आणि त्या सबंध अध्यायात श्रीकृष्ण किती बोलतात? फक्त एकदा, आणि तेही अर्जुन कोसळायच्या आधी : रथ दोन सैन्यांच्या मध्ये उभा करून, पार्था, हे जमलेले कौरव बघ, एवढंच. नंतर अर्जुन बोलतो आणि भगवंत ऐकतात. त्या अध्यायाचं नावसुद्धा अर्जुनविषादयोग. विषादालाही योग म्हटलंय!

दुसऱ्या अध्यायात मात्र ते दोन श्लोकांत चांगलंच खडसावतात. ही मनाची दुबळेपणाची अवस्था तुला शोभत नाही, ऊठ, म्हणतात. आणि गंमत म्हणजे अर्जुन उठत नाही. आणखी थोडं बोलतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. मग भगवंत जणू हसल्यासारखे होऊन समजावायला लागतात आणि अठराव्या अध्यायापर्यंत समजावत राहतात. तिथे कुठे अर्जुन म्हणतो, माझा मोह गेला, आता मी स्थिर आहे. प्रत्यक्ष भगवंतांचं 'ऊठ' पहिल्या फटक्यात लागू पडलं नाही, तर आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कसं पडेल?

आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगते. काका गेले तेव्हा काकू चाळिशीची होती. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांपैकी एका वडीलधाऱ्यांनी हाच श्लोक तिला ऐकवला आणि म्हणाले, "स्वतःला सावर, रडत बसलीस तर त्याच्या आत्म्याला त्रास होईल." त्यानंतर काकू कुणासमोर रडायचीच बंद झाली. लोकांना वाटलं, सावरली. ती सावरली नव्हती, लपली होती. तिला खरं वर आणलं शेजारच्या बाईंनी. त्या रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, काकू रडली तर रडू द्यायच्या आणि रडून झालं की म्हणायच्या, "चल, आज बँकेत जाऊन वारसाचा फॉर्म आणू." दुसऱ्या दिवशी, "चल, आज तो भरू." त्यांनी गीता वाचली होती की नाही मला माहीत नाही. पण 'ऊठ' कधी म्हणायचं आणि त्याच्या आधी काय करायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुन्हा जंगलात. त्या रात्री रडून ब्रायन झोपला. त्याला स्वप्नं पडली. एकात वडील काहीतरी सांगू पाहतायत, दुसऱ्यात मित्र शेगडीतला विस्तव दाखवतोय. सकाळी उन्हात कुऱ्हाडीचं पातं चकाकताना दिसलं आणि त्याला रात्रीच्या ठिणग्या आठवल्या. इथे मी वाचताना थांबले होते. ठिणगी पडली ती रडण्याच्या आधी. विस्तव त्या अंधारातच होता. पण पायात काटे असताना तो दिसण्यासारखा नव्हता, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नाही.

मग तो दगडावर कुऱ्हाड मारत राहतो. वाळलेलं गवत पेटत नाही. खिशातली २० डॉलरची नोट फाडून बारीक करतो, तीही पेटत नाही. शेवटी बर्च झाडाची, म्हणजे भूर्जाची साल केसांसारखी बारीक सोलून तो तिचा गोळा करतो. (त्याच कुळातल्या हिमालयातल्या झाडाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या जात.) ठिणगी धरते आणि विझते. मग शाळेत शिकलेलं आठवतं, आगीला हवा लागते. तो हळूच फुंकर घालतो आणि जाळ होतो.

स्वतःला वर काढणं म्हणतात ते हे. त्यात एकदाच केलेली मोठी गर्जना नाही. चार वेळा न पेटलेलं आणि पाचव्यांदा थोडं वेगळं करून पाहिलेलं असं ते काम आहे. याच अध्यायात पुढे अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही. भगवंत ते नाकारत नाहीत. कठीण आहे खरं, म्हणतात, पण अभ्यासाने आणि वैराग्याने धरता येतं. इथे 'अभ्यास' म्हणजे परीक्षेचा अभ्यास नव्हे, पुन्हा पुन्हा करणं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. 'स्वतःच स्वतःला' याचा अर्थ एकट्याने, कुणाची मदत न घेता, असा होतो का? आपल्या पिढीला हा अर्थ फार आवडतो. मी कुणावर अवलंबून नाही, माझं मी बघेन. कादंबरी वरवर वाचली तर तीही हेच सांगते असं वाटेल. एक मुलगा, एक जंगल, कुणी नाही.

पण नीट बघा. तो स्वतःला वर काढतो कशाने? आईने दिलेल्या कुऱ्हाडीने. जिच्यावर त्याचा राग आहे, जिला तो माफ करू शकलेला नाही, तिच्याच हातची वस्तू त्याला आग देते, भाला करून देते, निवारा करून देते. धीर सुटतो तेव्हा शाळेतल्या एका मास्तरांचे शब्द आठवतात : तुझ्याजवळ सगळ्यात मोलाचं जे आहे ते तू स्वतः. तेही कुणीतरी दिलेलंच. पॉलसनचं स्वतःचंही तसंच. लहानपणी थंडीतून ऊब घ्यायला तो वाचनालयात शिरला आणि तिथल्या बाईंनी त्याला कार्ड दिलं, पुस्तकं दिली, ही आठवण तो नेहमी सांगायचा. कुऱ्हाड दगडावर मारायची ती आपणच, ते दुसरा कुणी करू शकत नाही. कुऱ्हाड मात्र आपण घडवलेली नसते.

आणि एक रात्र अशीही आहे, की ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. शोधायला आलेलं विमान त्याच्या डोक्यावरून येतं आणि त्याला न बघता परत वळतं. त्या रात्री ब्रायनला जगावंसं वाटत नाही आणि तो स्वतःला इजा करून घेतो. सकाळी तो जिवंत असतो, आणि पुढे तो म्हणतो की त्या दिवशी जुना ब्रायन संपला आणि नवा सुरू झाला. कादंबरीत ते एका रात्रीत होतं. आयुष्यात तसं होईलच असं धरून चालू नका. मन त्या टोकाला गेलं असेल तर तो भक्तीचा कमीपणा नाही आणि एकट्याने उपसायची ती विहीरही नाही. घरातल्या एकाला तरी सांगा, डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस चालू असते. तो नंबर फिरवणं हेही स्वतःला वर काढणंच आहे. पॉलसननेही पुढच्या एका भागात, 'ब्रायन्स रिटर्न'मध्ये, या मुलाला एका अंध समुपदेशकाकडे पाठवलंय. जंगलात ५४ दिवस काढलेल्या मुलालासुद्धा समोर बसून ऐकणारं माणूस लागलं.

सुटका कशी होते तेही सांगते, कारण गीता वाचणाऱ्याला ती गोष्ट लगेच ओळखीची वाटेल. वादळाने तळ्यात बुडालेल्या विमानाचं शेपूट वर येतं. ब्रायन तराफा करून तिथे पोचतो. मधेच कुऱ्हाड हातातून सुटून पाण्यात पडते, तर तिच्यासाठी तळाशी बुडी मारतो. आत संकटकाळासाठीची पिशवी मिळते. तिच्यात अन्नाची पाकिटं, रायफल आणि एक यंत्र. हे यंत्र म्हणजे आणीबाणीचा संदेश पाठवणारा ट्रान्समीटर. तो बटण इकडे-तिकडे करून बघतो, आवाज येत नाही, बंद पडलंय असं समजून बाजूला ठेवतो आणि जेवण शिजवायला बसतो. यंत्र चालू असतं. तो स्वयंपाकात असतानाच विमान तळ्यावर उतरतं. पायलट थक्क होऊन बघतोय आणि हा मुलगा आपलं नाव सांगून त्याला विचारतो, काही खाणार का?

५४ दिवस उपाशी, अर्धपोटी राहिलेलं पोर येणाऱ्याला आधी जेवायला विचारतं. कर्म करावं आणि फळाचा हिशेब धरून बसू नये, हे आपण शंभर वेळा ऐकलंय. मला ते या मुलाने बटण दाबून स्वयंपाकाला लागण्यात दिसलं. आणि स्वतःची कीव सुटल्याची खूणही तिथेच दिसली : समोरच्याची भूक दिसायला लागते.

शेवट मात्र गोड नाही. घरी परतल्यावर आई-वडील पुन्हा एकत्र येतील असं वाटतं, पण तसं होत नाही. ते गुपितही तो वडिलांना कधीच सांगत नाही. सांगायला हवं होतं का? मी यावर बराच विचार केला. जोवर त्याला ते हत्यार म्हणून वापरायचं होतं तोवर न सांगणंच बरं होतं. पुढे जंगलातून परतल्यावर ते हत्यार उरलंच नाही. आईने केलेलं बरोबर ठरलं असं नव्हे. पण त्या एका प्रसंगाभोवती फिरायचं त्याचं थांबलं. काही जखमांना उत्तर मिळत नाही, तरी माणूस चालू लागतो. ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांना हे कळेल.

तर मग, रोज रात्री रडते म्हणजे मी माझी शत्रू का? माझं उत्तर असं. रडणाऱ्या माणसाला मित्र काय म्हणेल तेच स्वतःला म्हणा. चांगला मित्र "रडू नकोस" म्हणत नाही आणि "रडतच बस" असंही म्हणत नाही. तो थांबतो, पाणी देतो आणि रडून झालं की विचारतो, आता काय करूया? हा शेवटचा प्रश्न जो विचारत नाही, त्याच्या सोबतीला गीता मैत्री म्हणत नाही. आणि जो फक्त तेवढाच प्रश्न विचारतो, आधी थांबत नाही, त्याने पहिला अध्याय वाचलेला नाही.

आजचा अभ्यास छोटा आहे. रात्री झोपताना जे टोचतंय ते भगवंतासमोर मोकळेपणाने बोला, रडू आलं तर येऊ द्या. मग वहीत एकच ओळ लिहा : उद्या सकाळी करायचं एक काम. भांडी घासणं, एक फोन, एक अर्ज, गॅलरीतल्या तुळशीला पाणी, काहीही चालेल. दहा मिनिटांत होईल एवढंच घ्या. नाही पेटलं तर परवा थोडं वेगळं करून बघा.

उद्या श्लोक सहावा. स्वतःला जिंकणं म्हणजे नेमकं कुणी कुणाला जिंकायचं, ते पाहू.

राम कृष्ण हरी.